सात नंबरचा साचा

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताई,

वरती आधी ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं आणि खोडलं. मग ‘कशी आहेस’ लिहिलं, तेही खोडलं. छत्तीस वर्षांनी ‘कशी आहेस’ विचारणारा माणूस एक तर निर्लज्ज असतो, नाहीतर त्याचं काहीतरी काम असतं. माझं काम आहे. मी पिट्या, तुझा धाकटा भाऊ. अठ्ठावन्नचा झालो, टक्कल पडलं, बाकी होतो तसाच आहे.

काम आधीच सांगतो, नाहीतर माझं माहीत आहे तुला, घोडं पेंड खात बसेल. बाबा आजारी आहेत. शहाऐंशी पूर्ण झाली. हृदय थकलंय, पायांना सूज येते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या महिना, फार तर दोन. डोकं मात्र लख्ख. परवा औषधाची बाटली डोळ्यांजवळ धरून म्हणाले, “हे अक्षर ज्यानं काढलंय त्याला आमच्या दुकानात मी कुंचले धुवायलाही ठेवला नसता.” पाट्यांचं दुकान बंद होऊन जमाना झाला, पण पेंटर गेलेला नाही.

तू यावंस असं वाटतं. मला वाटतं. त्यांनाही वाटतं, ते बोलत नाहीत इतकंच.

तुझा पत्ता कसा लागला म्हणशील तर योगायोगानं. एका जुन्या मासिकात नकाशा कचेरीवरचा लेख होता, फोटोत टेबलाशी वाकलेली तू दिसलीस. कचेरीच्या पत्त्यावरच पाठवतोय. तू निवृत्त झाली असशील, पण कोणीतरी पुढे धाडेल अशी आशा आहे.

जुनी मासिकं मी कशाला चाळतोय? मी सदतीस वर्षं आपल्या त्याच वर्तमानपत्रात काढली, छोट्या जाहिरातींच्या खिडकीत. गेल्या वर्षी सुटलो. आता पत्राला पंच्याहत्तर वर्षं होतायत म्हणून संपादकबाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, “काका, जुन्या अंकांत लोक शुभेच्छा कशा द्यायचे, दिलगिरी कशी व्यक्त करायचे, यावर एक पान लिहा. तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?” मी हुरळलो. आता रोज सकाळी दप्तरखान्यात नाकाला रुमाल बांधून बसतो.

मजा आहे बरं का. एक ऐक: “कालच्या अंकी गिरणीचे निवृत्त मुकादम यांच्या निधनाचे वृत्त अनवधानाने प्रसिद्ध झाले. आपण हयात असल्याचे त्यांनी स्वतः कार्यालयात येऊन कळविले आहे. झाल्या चुकीबद्दल आम्ही दिलगीर असून त्यांस उदंड आयुष्य चिंतितो.” दिलगिरी आणि शुभेच्छा एकाच पुडीत. एका मासिकाचे संपादक लिहितात की अंक निघण्यास विलंब झाला, कारण कागद मिळाला नाही, छापखान्यातली मंडळी तापाने पडली आणि खुद्द संपादकांचे मन काही काळ उदास होते. तरी उदार वाचक सांभाळून घेतील. मन उदास होतं म्हणून अंक उशिरा. आता कोणी असं छापेल का?

चार दिवस वाचून माझ्या एक लक्षात आलंय. शुभेच्छा देताना सगळे पुढे असतात, आम्ही चिंतितो, आम्ही इच्छितो. दिलगिरीत मात्र माणूस गायब. वृत्त प्रसिद्ध झाले, नाव राहून गेले, गैरसमज पसरला. चूक होते, करत कोणीच नाही.

असो. तू गेल्यावर बाबांनी तुझ्यासाठी दिलेलं निवेदन तू वाचलं असशीलच. त्यात थोडं काही राहून गेलं होतं. ते समक्ष सांगेन. ये.

तुझा,
पिट्या

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. आठ दिवस म्हणजे काही फार नाहीत, पण माझा पाय एका जागी ठरत नाही. टपालवाल्याला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तोच म्हणाला, “काका, असलं तर मी देणार नाही का?” दप्तरखान्यात बसलो की घरी बाबांना काही झालं असेल असं वाटतं, घरी बसलो की तुझं पत्र कचेरीत येऊन पडलं असेल असं वाटतं. पत्ता मी घरचा दिलाय, तरी.

काल तो अंक हातात आला. शोधत नव्हतो. म्हणजे शोधत होतो, उगाच खोटं कशाला. आतलं पान, तिसरा रकाना:

“चि. बेबीस — असशील तेथून निघून ये. झाले गेले आम्ही विसरून गेलो आहोत. सर्व माफ आहे. तुला कोणी रागावणार नाही. — बाबा.”

तू हेच वाचलंस ना? तुझ्या नोकरीचं पत्र ज्या माणसानं लपवलं, रुजू व्हायची तारीख टळेपर्यंत लपवलं, तोच माणूस वर तुला माफ करतोय. मी तुझ्या जागी असतो तर तो कागद चुलीत घातला असता आणि आयुष्यात पायरी चढलो नसतो. तू तेच केलंस.

ताई, बाबांनी हे लिहिलं नव्हतं.

आमच्या खिडकीत एक वही असायची, साच्यांची वही म्हणत. दर नमुन्याचं एकेक कात्रण चिकटवलेलं, वर नंबर. एक नंबर निधन. दोन नंबर आभार. चार नंबर भांडण मिटल्याचा जाहीर खुलासा. सात नंबर घर सोडून गेलेल्यांना. लोक पानंच्या पानं लिहून आणायचे, कोणी रडत रडत सांगायचे, आणि आम्ही ते साच्यात बसवायचो. जागा चार ओळींची. आमचे हेडक्लार्क मान वर न करता विचारायचे, “कुठला? सात? लावा सात.” माणसांनाही ते आवडायचं. आपलं दुःख चारचौघांसारखं छापून आलं की बरं वाटतं लोकांना. त्या वहीनं किती घरांची अब्रू राखली असेल.

तर बाबांचा मजकूरही साच्यात गेला. तेव्हा नियमच होता.

त्यांनी लिहिलं होतं ते असं. पाट्यांचा नमुना काढायच्या खाकी कागदावर, कुंचल्यानं, मोठ्या अक्षरात: “बेबी, तुझे नोकरीचे पत्र मी लपवले. माझा हात कापू लागला आहे. सहा महिने दुकानातल्या पाट्या तू काढत होतीस आणि नाव माझे होत होते. तू गेलीस तर ते उघडे पडेल म्हणून मी पत्र लपवले. चूक माझी. तू ये अथवा नको येऊ, पण चूक माझी हे चार लोकांनी वाचावे. — बाबा.”

मला पाठ आहे.

आणि सगळ्यात वाईट ते पुढेच आहे. बाबांना वाटतं की हेच छापून आलं. मला म्हणाले होते, “आलं की दाखवू नकोस. मला बघवणार नाही.” तो आठवडा त्यांनी घरात पेपर येऊ दिला नाही. मग बाहेर पडले, तर शेजारी नेहमीसारखे बोलले, गिऱ्हाइकं नेहमीसारखी आली. बाबा म्हणाले, “माणसं मोठी आहेत रे. सगळ्यांनी वाचलं, पण एकानं तोंडावर विचारलं नाही.” मी हो म्हटलं.

तीन आठवड्यांनी तुझं निवेदन आलं. “मी सुखरूप आहे. येणार नाही. शोधू नये.” ते मात्र त्यांनी वाचलं, कारण तोवर रोज पहिल्यांदा तेच पान उघडायला लागले होते. वाचून घडी घातली आणि म्हणाले, “बरोबर आहे तिचं.” त्यानंतर त्यांनी कुंचला हातात धरला नाही. आपण सगळं कबूल केलं तरी पोरगी आली नाही, असं समजून हा माणूस छत्तीस वर्षं जगलाय. आणि तू त्यांनी काहीच कबूल केलं नाही असं समजून.

ये ना ताई. तारीख तरी कळव.

पिट्या

बुधवार, १९ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. अक्षर बघूनच ओळखलं, नकाशावरच्यासारखं सरळ, एकही फाटा इकडचा तिकडे नाही. दोनच ओळी. “मजकूर कोणी बदलला? बाबांनी लिहिलेला कागद कुठे आहे?” ना मायना, ना सही. तू कचेरीत माणसांना घाम फोडत असणार.

काल दिवसभर उत्तर लिहिलं. तीन कागद फाडले. पहिल्यात लिहिलं की हेडक्लार्कनी बदलला. ते वारले, साक्ष द्यायला येणार नाहीत. दुसऱ्यात नियमावर ढकललं. तिसऱ्यात लिहिलं की बदलला गेला. मग तो मीच वाचला आणि मला मुकादमांची दिलगिरी आठवली. हसू आलं, मग नाही आलं.

मी बदलला.

त्या दिवशी हेडक्लार्क रजेवर होते. खिडकीत मी एकटा. लांब मजकूर असला तर चौकट करून छापता यायचा, साच्यात घालायलाच हवा असं काही नव्हतं. बाबांनी घरीच माझ्या हातात कागद दिला होता. मी तो खिडकीत उघडला, वाचला, आणि वहीतला सात नंबर उतरवून खाली छापखान्यात पाठवला. दोन मिनिटांचं काम. खाकी कागद फाडून टोपलीत टाकला. त्यामुळे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कागद कुठेच नाही. मी तुला पाठवलेला मजकूर खरा आहे याला माझ्या तोंडाशिवाय पुरावा नाही, आणि माझं तोंड काय लायकीचं आहे ते आता तुला कळलंच.

का केलं? स्वतःला सांगितलं होतं की बाबांच्या इज्जतीसाठी. सगळी कचेरी वाचणार, गल्ली वाचणार, पेंटरच्या पाट्या पेंटर काढत नव्हता म्हणून हसणार. हे कारण मी इतकी वर्षं जपलं की ते मला खरंच वाटायला लागलं होतं. पण ते कारण नव्हतं.

तुझं नोकरीचं पत्र टपालवाल्यानं माझ्या हातात दिलं होतं. लिफाफ्यावर कचेरीचा शिक्का, आत काय असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तू मागच्या खोलीत होतीस, दहा पावलांवर. मी तुला हाक मारली नाही. मी पुढे दुकानात गेलो आणि पत्र बाबांच्या पुढ्यात ठेवलं. काही बोललो नाही. त्यांनीही काही विचारलं नाही, उचलून रंगाच्या डब्यांमागे सरकवलं. तारीख टळल्यावर ते तुला तिथंच सापडलं, आणि तू तरीही जाऊन ती नोकरी मिळवलीस. त्यांनी लपवलं हे खरं, पण त्यांच्या हातात दिलं कोणी? निवेदन जसंच्या तसं छापलं असतं तर तू वाचून आली असतीस. दोघं समोरासमोर बसला असतात आणि पहिला प्रश्न हाच निघाला असता की पत्र बाबांकडे पोचलं कसं.

मी बावीस वर्षांचा घोडा होतो, लहान नव्हतो. आई गेल्यापासून मला तू वाढवलंस. माझी शाळा, माझे ताप, माझ्या नोकरीचा अर्जसुद्धा तुझ्या अक्षरात होता. तू गेलीस तर त्या घरात बाबा आणि मी, आणि दोघांच्या मधे कोणी नाही, या कल्पनेनंच मला धडकी भरली होती. म्हणून केलं. आणि झालं तेच. छत्तीस वर्षं ते आणि मी.

आणखी एक. पत्ता मासिकात सापडला नाही. तुझं निवेदन आलं होतं त्या पाकिटावर तुझ्या कचेरीचा छाप होता. पहिल्याच वर्षापासून पत्ता माझ्याजवळ आहे. वाटलं असतं तर कुठल्याही सोमवारी लिहू शकलो असतो. एक हजार आठशेच्या वर सोमवार झाले, मी काल कागदावर गुणाकार केला.

आता तू मला काय म्हणशील ते म्हण. पण तो मजकूर आता फक्त त्यांच्या तोंडून ऐकता येईल, आणि ते किती दिवस आहेत हे कोणी सांगू शकत नाही. सूज गुडघ्यांपर्यंत चढलीय. माझ्यासाठी येऊ नकोस. ऐकण्यासाठी ये.

त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगायला हवं. रोज सकाळी ठरवतो आणि चहा झाला की पिशवी उचलून बाहेर पडतो.

पिट्या

शनिवार, २२ फेब्रुवारी

ताई,

सांगितलं.

सकाळी त्यांची दाढी करत होतो. म्हटलं, अर्ध्या दाढीत हा माणूस उठून जाऊ शकत नाही, हीच वेळ. भित्रा तो भित्राच, तोंडाला फेस असलेल्या म्हाताऱ्यापुढे धीट झालो. सगळं सांगितलं. पत्र, खिडकी, टोपली, तुझं पाकीट. वस्तरा आधीच बाजूला ठेवला होता.

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, “म्हणजे तिनं वाचलंच नाही?”

“नाही.”

“म्हणजे ती मला नाही म्हणाली नाही.”

आणि ताई, त्यांचा चेहरा उजळला. देवाशपथ सांगतो. मी मार खायच्या तयारीत उभा होतो, आणि म्हातारा अर्ध्या दाढीनं हसत होता. दोनदा तेच म्हणाले. नाही म्हणाली नाही. मला रडू फुटलं, मी भांडं घेऊन मोरीत गेलो आणि नळ सोडून दिला.

परत आलो तेव्हा हसू मावळलं होतं. बाकीची दाढी करू दिली. तोंड पुसल्यावर माझ्याकडे नीट बघितलं, त्यांना आता जवळचंच दिसतं, म्हणून मान पुढे काढून. म्हणाले, “रोज माझ्यासमोर बसून जेवलास तू.”

एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही. मग म्हणाले, “तू जरा बाहेर बस.”

मी बाहेर बसलो. दुपारी शेजारच्या शिंपीणबाईंना हाक मारून त्यांनी पाणी मागितलं. मी चार हातांवर होतो. संध्याकाळी मी विचारलं, “बाबा, तुमचा तो मजकूर आता छापून आणू का? जसाच्या तसा, मोठ्या चौकटीत? संपादकबाई माझं ऐकतील.” ते म्हणाले, “छापायला दिलं तिथंच माझं चुकलं. हिंमत नव्हती म्हणून पेपरात लिहिलं. तोंडानं सांगायचं असतं ते.” आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

ते वाट बघतायत. आता उघड बघतायत. दार वाजलं की विचारतात, कोण.

पिट्या

रविवार, २ मार्च

ताई,

तुझं दुसरं कार्ड पोचलं. “गुरुवारी येते. तू घरात नसावंस.” वाचलं आणि आधी बरं वाटलं, मग जे वाटायचं ते वाटलं. दोन्ही वाक्यं मान्य. मी बाबांना फक्त पहिलं वाचून दाखवणार होतो, पण आता काहीही गाळायची भीतीच वाटते, म्हणून दोन्ही वाचली. ते म्हणाले, “ठीक आहे.” दोन्हींबद्दल म्हणाले.

माझं पान आज छापून आलं. संपादकबाईंना मुकादम फार आवडले. शेवटी मी तीन ओळी घातल्या होत्या: “छत्तीस वर्षांपूर्वी या पत्रात ‘चि. बेबीस’ या मथळ्याखाली आलेला मजकूर तिच्या वडिलांचा नव्हता. तो जाहिरात खिडकीतल्या कारकुनाने, म्हणजे मी, बदलला. मला त्याचा पश्चात्ताप होतो.” बाई म्हणाल्या, “काका, असं ‘मी’ वगैरे आपल्याकडे छापत नाहीत, ‘नजरचुकीने’ म्हणू या का?” मी म्हटलं, नजर चांगली होती. त्यांना पटलं नाही, पण छापलं. तुला कात्रण पाठवत नाही. ते तुझ्यासाठी नाही, माझ्या खिडकीसाठी आहे.

मी बुधवारी संध्याकाळीच निघतो. जुन्या मुद्रितशोधकाच्या घरी राहीन, त्याला बायको गेल्यापासून भांडायला माणूस हवाच आहे. तू म्हणशील तोवर, आणि नाही म्हणालीस तर कायमचा. किल्ली शिंपीणबाईंकडे आहे. तुला त्या ओळखणार नाहीत, तू गेल्यावर राहायला आल्या, पण सांगून ठेवलंय.

मागची खोली झाडून घेतलीय. पलंग तोच आहे, डावा पाय हलतो, त्या बाजूला झोपू नकोस. लाल झाकणाची गोळी सकाळी, पांढरी दुपारी जेवल्यावर, आणि झोपायच्या आधीची ते थुंकून टाकतात, तिकडे लक्ष ठेव. पाणी मोजून द्यायचं, दिवसाला पाच पेले, ते सहावा मागतात आणि भांडतात. उशा तीन लागतात, सपाट झोपलं की दम लागतो. रंगाचा वास आला की बरं वाटतं त्यांना. मी कधी कधी टर्पेन्टाइनची बाटली उघडून खिडकीत ठेवतो. डॉक्टरीणबाईंचा नंबर दाराच्या मागे लिहिलाय, माझ्या अक्षरात, नावं ठेवू नकोस.

दारातून हाक मारू नकोस. लांबून त्यांना तू दिसणार नाहीस, आणि डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्या बाजूनं जा, खुर्ची अगदी जवळ ओढ आणि बस. आधी तू काही बोलू नकोस. गेले आठ दिवस ते ओठ हलवत मनातल्या मनात काहीतरी जुळवतायत, मी विचारलं नाही. पहिल्यांदा त्यांनाच बोलू दे. सावकाश बोलतात, मधे मधे दम घ्यायला थांबतात, तेव्हा संपलं असं वाटतं. संपलेलं नसतं. थांब थोडी.

पिट्या